ईडन गार्डन्सवरचं शेवटचं षटक आणि आपलं इंटरनेट

 आजचा भाग मी कोलकात्याहून करतोय. मुक्काम हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात आहे. काल संध्याकाळी ईडन गार्डन्सला बाहेरून एक चक्कर मारली आणि तिथूनच आजच्या बोलण्याला सुरुवात करायचं ठरवलं. विषय आहे इंटरनेटचा. इंटरनेटवर नियंत्रण कोणाचं असावं, तिथे धंदा कोणी करावा, आणि तुम्ही-आम्ही तिथे काय बोलावं?

तुम्ही म्हणाल, याचा क्रिकेटच्या मैदानाशी काय संबंध? आहे, आणि चांगला घट्ट आहे. आपल्याला वाटतं की हे वाद मोबाइल आल्यावर, फेसबुक आल्यावर सुरू झाले. माझं म्हणणं असं की भारतातला मूळ वाद इंटरनेट येण्याच्या आधीच झाला, तो याच शहरातून निघाला आणि त्याचं निमित्त होतं एक क्रिकेट स्पर्धा.

साल १९९३. महिना नोव्हेंबर. हिरो कप. भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात उपांत्य सामना, ईडन गार्डन्सवर, प्रकाशझोतात. शेवटच्या षटकात आफ्रिकेला सहा धावा हव्यात आणि अझरुद्दीन चेंडू देतो सचिन तेंडुलकरच्या हातात. भारत दोन धावांनी जिंकला. मी तेव्हा सांगलीला बारावीत होतो. शेजारच्या काकांकडे टीव्हीपुढे वीस-पंचवीस माणसं दाटीवाटीने बसली होती. तीन दिवसांनी अंतिम सामन्यात कुंबळेने बारा धावांत सहा बळी घेतले, तेही ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत.

पण त्या वेळी आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं की आमच्या पडद्यावर ही चित्रं दिसावीत की नाही, आणि दिसली तर कुणाच्या कॅमेऱ्यातून, यावर कोर्टात जोरदार भांडण चालू आहे.

भांडण असं होतं. स्पर्धा भरवली होती क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉलने, आपल्या हीरकमहोत्सवानिमित्त. तोपर्यंत भारतात सामने मुख्यतः दूरदर्शनच दाखवत असे. असोसिएशनने दूरदर्शनशी बोलणी केली, ती जमली नाहीत, आणि प्रक्षेपणाचे हक्क तिने ट्रान्सवर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीला दिले. दूरदर्शन बिथरलं. हक्कांसाठी पैसे देणार नाही, उलट सामना दाखवायचा असेल तर असोसिएशननेच आम्हाला पैसे द्यावेत, अशी भूमिका घेतली गेली. परदेशी कंपनीची उपकरणं मुंबईत कस्टम्सने अडवून ठेवली. असोसिएशन कलकत्ता उच्च न्यायालयात गेली, आणि सामने चालू असतानाच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. तात्पुरता तोडगा निघाला, म्हणून आम्हाला ते षटक दिसलं. मूळ प्रश्नाचा निकाल मात्र पुढे व्हायचा होता.

आता सरकारचा आधार काय होता, ते बघा. आधार होता १८८५ सालचा भारतीय तार कायदा. त्याच्या चौथ्या कलमात म्हटलं होतं की तारयंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा अधिकार केवळ सरकारचा, आणि इतरांना परवाना द्यायचा की नाही हे सरकार ठरवणार. पाचव्या कलमात, आणीबाणीच्या प्रसंगी संदेश अडवण्याचे आणि यंत्रणा ताब्यात घेण्याचे अधिकार. आकाशातून उपग्रहाकडे जाणारी चित्रंसुद्धा या व्याख्येत बसतात, असं सरकारचं म्हणणं.

हा कायदा कुठल्या काळातला? कलकत्ता ब्रिटिश हिंदुस्थानची राजधानी होती त्या काळातला. तारेची कथाही इथलीच. कलकत्ता मेडिकल कॉलेजात शिकवणारे विल्यम ओशॉनेसी नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १८३९ मध्ये इथे तारेचे प्रयोग केले. पुढे कलकत्त्यापासून डायमंड हार्बरपर्यंत तार टाकली गेली आणि १८५१ पासून कंपनी सरकार ती वापरू लागलं. काही वर्षांतच ती आग्रा, मुंबई, मद्रासपर्यंत पोचली. १८५७ च्या उठावात या तारेचा इंग्रजांना किती उपयोग झाला, हे आपण शाळेत वाचलेलं आहे. राज्यकर्त्याला त्यातून एक धडा मिळाला: तार आपल्याच हातात हवी. १८८५ चा कायदा त्या धड्यातून आलेला आहे. त्याला रयतेच्या बोलण्याची काळजी नव्हती, राज्याच्या बंदोबस्ताची होती.

म्हणजे १९९३ साली, स्वतंत्र भारतात, क्रिकेटचा सामना कोण दाखवणार हे गोऱ्या साहेबाच्या तारेच्या कायद्याने ठरणार होतं. आणि त्याच्यासमोर उभी होती आपली राज्यघटना, कलम १९, भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य.

या टप्प्यावर मला तुम्हाला थोडा वेळ पुण्याला न्यायचं आहे, कारण घटनेच्या बाजूने जे सर्वांत भक्कम हत्यार होतं ते पुण्याच्या एका दैनिकाने मिळवून दिलेलं होतं. नानासाहेब परुळेकरांचा ‘सकाळ’. १९६० मध्ये केंद्र सरकारने हुकूम काढला की वर्तमानपत्राने किती पानं द्यायची ते किमतीवर ठरेल. पानं जास्त हवीत तर किंमत वाढवा, किंमत तीच ठेवायची तर पानं कमी करा. सरकारचा हेतू वरकरणी वाईट नव्हता. मोठी वृत्तपत्रं स्वस्तात जास्त पानं देऊन लहानांना मारतात, ही अन्याय्य स्पर्धा थांबवायची, असं ते सांगत होते.

‘सकाळ’ने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती मुधोळकरांनी. त्याचा गाभा असा की वृत्तपत्र हा धंदा आहे हे खरं, पण ते अभिव्यक्तीचं साधनही आहे. पानं कमी केली की मजकूर कमी होतो, किंमत वाढवली की वाचक कमी होतात; दोन्हीकडून घाव बोलण्यावरच पडतो. धंद्यावर सर्वसाधारण लोकहितासाठी बंधन घालता येतं, बोलण्यावर नाही. बोलण्यावर बंधन घालायचं तर घटनेच्या १९(२) मध्ये जी मोजकी कारणं दिली आहेत, देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी वगैरे, त्यांतलंच एखादं दाखवावं लागेल. ‘लोकांच्या भल्यासाठी’ एवढं म्हणून भागणार नाही.

हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे दोनदा याचा उपयोग होणार आहे.

आता परत कोलकात्याच्या खटल्याकडे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. मुख्य निकालपत्र पुन्हा एका मराठी न्यायमूर्तींचं, पी. बी. सावंत यांचं. न्यायमूर्ती मोहन त्यांच्याशी सहमत, आणि न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांनी स्वतंत्रपणे लिहिलं.

न्यायालय म्हणालं की रेडिओ-लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची नाही. त्या मर्यादित आहेत म्हणून त्यांचं नियमन हवं, पण नियमन म्हणजे मक्तेदारी नव्हे. माहिती देणं आणि माहिती मिळवणं हे दोन्ही अभिव्यक्ती-स्वातंत्र्यात येतं, म्हणून पडद्यापुढे बसलेल्या प्रेक्षकालाही हक्क आहे. आणि या लहरींचा कारभार सरकारपासून स्वतंत्र अशा सार्वजनिक संस्थेकडे द्यावा.

सांगलीला काकांच्या घरी दाटीवाटीने बसलेल्या आम्हा लोकांना हक्क होता, हे मला पुढे वकिलीचं शिक्षण घेताना कळलं. तोवर आम्ही समजत होतो की दूरदर्शन दाखवतं ही त्यांची मेहेरबानी.

न्यायमूर्ती रेड्डींनी एक इशारा दिला होता, तो त्या वेळी फारसा कुणी मनावर घेतला नाही. सरकारी मक्तेदारी वाईट, पण ती मोडून सगळं खासगी पैसेवाल्यांच्या हाती गेलं, तर मूठभर लोकच ठरवतील की बाकीच्यांनी काय पाहायचं. दोन्ही मक्तेदाऱ्या सारख्याच घातक. १८८५ चा कायदा या माध्यमांना पुरेसा नाही, नवा करा, असंही त्यांनी सुनावलं होतं.

नव्या कायद्याचं पुढे काय झालं ते सांगतोच. आधी त्या वर्षाचं कॅलेंडर पाहा. निकाल फेब्रुवारीत. ३१ जुलै १९९५ ला याच कोलकात्यात, रायटर्स बिल्डिंगमधून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. आणि १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने, म्हणजे व्हीएसएनएलने, मुंबई, दिल्ली, कोलकाता, मद्रास या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. निकालानंतर सहा महिन्यांत.

म्हणजे तत्त्व आधी मिळालं, तंत्र नंतर आलं. खरं तर तत्त्व लगेच लागू व्हायला हवं होतं. झालं उलट. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून येतं, तार म्हणजे १८८५ चा कायदा, म्हणून मक्तेदारी सरकारी कंपनीची. पहिली तीन वर्षं व्हीएसएनएलशिवाय पर्याय नव्हता. दर हजारांत, वेग कासवाचा, फोन लावा-लावा लावायचा तेव्हा एकदाची ती किर्रकिर्र ऐकू यायची.

त्यातच इंटरनेटवरून बोलायला बंदी होती. परदेशी फोन लावणं हा व्हीएसएनएलच्या कमाईचा मोठा झरा, म्हणून संगणकावरून स्वस्तात बोलण्याची सोय देणाऱ्या वेबसाइट अडवल्या गेल्या. दिल्लीचे अरुण मेहता त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. हा वाद धंद्याचा होता की बोलण्याच्या हक्काचा? दोन्हींचा. पानं कमी करणं आणि साइट अडवणं यांत तत्त्वाचा फरक नाही. पुढे कारगिलच्या वेळी, १९९९ मध्ये, पाकिस्तानातल्या ‘डॉन’ या दैनिकाची साइट व्हीएसएनएलवरून उघडेनाशी झाली. नळ एकाच्या हातात असला की तो बंद करायला फार विचार करावा लागत नाही.

नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा द्यायला परवानगी मिळाली. १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून बोलणंही कायदेशीर झालं. दर पडले, सायबर कॅफे गल्लोगल्ली निघाले. स्पर्धेने आपल्याला बोलण्याची जागा मिळवून दिली, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

पण जागा वाढली तशी बोलणाऱ्यावर हात टाकायची हत्यारंही आली. २००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा आला. डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर महिन्याभरात, त्यात दुरुस्ती झाली आणि संसदेत ती जवळपास चर्चेविनाच मंजूर झाली. तिच्यातूनच कलम ६६-अ आलं. संगणकावरून कुणी ‘अतिशय आक्षेपार्ह’ काही पाठवलं, किंवा कुणाला ‘त्रास’, ‘गैरसोय’ व्हावी म्हणून खोटी माहिती पाठवली, तर तीन वर्षांपर्यंत कैद. आक्षेपार्ह म्हणजे काय? त्रास म्हणजे किती? व्याख्या कुठेच नाही. ठाण्यातला अंमलदार ठरवणार.

आणि आपण पुन्हा कोलकात्यात येतो. एप्रिल २०१२. जाधवपूर विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र. त्यांच्याकडे एक व्यंगचित्र आलं. मुख्यमंत्री ममता बॅनर्जी, आणि रेल्वेमंत्रिपदाची अदलाबदल. सत्यजित रायांच्या ‘सोनार केल्ला’ या चित्रपटातल्या प्रसंगावर बेतलेली थट्टा. ‘सोनार केल्ला’ बंगाली घराघरात पाठ असतो, तेव्हा थट्टा कळायला वेळ लागत नव्हता. महापात्रांनी ते आपल्या गृहनिर्माण सोसायटीतल्या लोकांना ईमेलने पुढे पाठवलं. बस, एवढंच. त्यांनी ते काढलेलंही नव्हतं.

काही लोकांनी घेरून त्यांना मारहाण केली आणि रात्री पोलिसांनी अटक केली ती महापात्रांनाच. सोबत सोसायटीतले त्यांचे सहकारी, सत्तरी ओलांडलेले निवृत्त अभियंता. दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला, खटला मात्र चालू राहिला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे, पालघरला काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. त्यावर एका तरुणीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या ‘लाइक’ केल्या, आणि दोघींना अटक झाली. तिच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. कोलकात्यात राज्य एका पक्षाचं, महाराष्ट्रात दुसऱ्यांचं. पक्षाने फरक पडला नाही. कलम तेच, सवय तीच.

पालघरच्या अटकेनंतर श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. तिच्या याचिकेत पालघरबरोबर जाधवपूरचंही उदाहरण होतं. २४ मार्च २०१५ ला न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि नरिमन यांनी ६६-अ हे कलम घटनाबाह्य ठरवलं. आणि आधार कुठला घेतला? पुण्याच्या ‘सकाळ’चा निकाल. नुसत्या लोकहिताच्या नावाने बोलण्यावर बंधन नाही; १९(२) मधलं कारण दाखवा. मत मांडणं, त्याचा आग्रह धरणं आणि चिथावणी देणं, या तीन पायऱ्या वेगळ्या आहेत. कायदा फक्त तिसरीवर येऊ शकतो. आम्ही या कलमाचा गैरवापर करणार नाही, असं आश्वासन सरकारी वकील देत होते. न्यायालय म्हणालं, सरकारं येतात-जातात, कलम मागे राहतं. लक्षात घ्या, साइट बंद करण्याचा सरकारी अधिकार, कलम ६९-अ, त्याच निकालात कायम राहिला.

इथे बरेच जण गोष्ट संपवतात. पण कोलकात्यात ती संपली नव्हती. कलम रद्द झाल्यावरही महापात्रांच्या मागची कोर्टाची फेरी सुटली नाही. तारखांमागून तारखा. त्यांची सुटका झाली जानेवारी २०२३ मध्ये, अटकेनंतर जवळपास अकरा वर्षांनी. त्यांचे वृद्ध सहकारी तोवर हयात नव्हते. एक ईमेल, अकरा वर्षं. दिल्लीत निकाल लागतो आणि अलीपूरच्या कोर्टात तो पोचायला आठ वर्षं जातात, हेही आपल्या ‘ऑनलाइन हक्कां’च्या इतिहासात लिहावं लागेल.

आता न्यायमूर्ती रेड्डींच्या इशाऱ्याकडे वळू. २०१५ मध्येच दुसरी लढाई झाली. काही कंपन्या म्हणाल्या, ठरावीक साइट तुम्हाला फुकट देतो, बाकीच्यांना पैसे मोजा. ऐकायला दानधर्म. पण फुकट काय मिळेल ते कंपनी ठरवणार, म्हणजे ‘सकाळ’ची पानं सरकारने मोजायची त्याऐवजी कंपनीने मोजायची. लोकांनी दूरसंचार नियामकाला दहा लाखांहून जास्त ईमेल पाठवले, आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला नियामकाने मजकूर पाहून वेगवेगळे दर लावायला मनाई केली.

आणि तारेचा जुना कायदा? त्याच्याच आधाराने २०१७ मध्ये इंटरनेट बंद करण्याचे नियम झाले. मार्च २०२२ मध्ये बंगालच्या काही जिल्ह्यांत दहावीच्या परीक्षेच्या काळात इंटरनेट बंद करण्याचा आदेश निघाला. कलकत्ता उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पुढे २०२३ मध्ये संसदेने नवा दूरसंचार कायदा केला आणि त्यात १८८५ चा कायदा मोडीत काढण्याची तरतूद केली. पण परवानगी देण्याचा आणि सेवा थांबवण्याचा अधिकार नव्या कायद्यातही सरकारकडेच आहे. भांडं बदललं, आतला ऐवज बराचसा तोच.

तेव्हा मंडळी, ‘इंटरनेटवर नियंत्रण हवं की नको’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. नियंत्रण लागतं. खोटेपणा, फसवणूक, चिथावणी यांना आवर घालावाच लागेल. विचारायचं असतं ते हे, की नळ कोणाच्या हातात आहे, तो एकट्याच्याच हातात आहे का, आणि तो बंद करताना त्याला कारण सांगावं लागतं का. सरकारला विचारा, कंपनीलाही विचारा. आणि आपण ऐकणारे, वाचणारे, पाहणारे या खटल्यात पक्षकार आहोत, हे विसरू नका. १९९५ चा निकाल आपल्याला तेच सांगून गेला.

सोसायटीच्या ग्रुपवर आज सकाळी तुम्हीही एखादं व्यंगचित्र पुढे पाठवलं असेल. पाठवताना भीती वाटली नसेल, तर त्यामागे पुण्याचं एक दैनिक आहे, कोलकात्याची एक क्रिकेट संघटना आहे, आणि अकरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढलेला रसायनशास्त्राचा एक प्राध्यापक आहे. आणि भीती वाटली असेल, तर काम अजून शिल्लक आहे.

आज इथेच थांबतो. पुढच्या भागात पुन्हा भेटू.